ज्याच्या कॉलरला चिमटा

सोयाबीनच्या कुटाराचा वास आला की माझी मान आपोआप वर जाते. बाकीचे लोक त्या धुराळ्यात डोळे मिटून घेतात, नाकावर रुमाल धरतात. पुसदच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हडंबे, म्हणजे मळणीयंत्रे, सुरू झालेले असतात, शेंगांचे ढीग त्यांच्या तोंडात जातात, दाणे एकीकडे आणि कुटार दुसरीकडे उडते, आणि मी स्कूटर बाजूला लावून आभाळ बघत उभा राहतो. त्या दिवसांत आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखे असते. सकाळी उन्हाला धार नसते आणि वाराही नसतो. तुरीचा शेंडासुद्धा हलत नाही.

या दिवसांना पंचांगात वेगळे नाव नाही. सोयाबीन निघालेले असते, हरभरा पेरायचा असतो, आणि मधल्या काळात वावर रिकामे पडलेले असते. इतकेच. पण तरुणपणी माझ्यासाठी आणि रऊफसाठी अख्खे वर्ष या रिकाम्या वावराच्या आजूबाजूला उभे असायचे. एरवी पीक असते, नाही तर चिखल, नाही तर उन्हाळ्यातले वारे. विमान उडवायला सपाट, कोरडी, मोकळी जमीन मिळायची ती एवढ्याच दिवसांत.

विमान म्हणजे खरे विमान नव्हे. पंखांची लांबी दोन्ही हात पसरल्याएवढी, वजन एखाद्या कलिंगडाएवढे, आणि जमिनीवर उभे राहून हातातल्या रेडिओने उडवायचे. पण ते उलटे उडायचे, गोल लोळायचे, सरळ वर चढून मान टाकल्यासारखे पडायचे आणि पुन्हा उठायचे. कसरतीचे विमान. नागपूरच्या फुटपाथवर जुन्या परदेशी मासिकात त्याचा नकाशा मला सापडला. मी चित्रकलेचा मास्तर. नकाशा मोठा करून खाकी कागदावर उतरवणे माझे काम. रऊफचे रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचे दुकान. तारा, बॅटऱ्या, छोटे स्क्रू त्याचे काम. मासिकात लिहिलेले हलके परदेशी लाकूड आम्हाला परवडणारे नव्हते. आम्ही सावरीच्या लाकडाच्या फळ्या काचेने खरवडून पातळ केल्या आणि पंखाची एकेक फासळी हाताने घासली. रंग रऊफच्या चुलतभावाकडून आला. तो ट्रक रंगवायचा. त्याच्याकडे निळा उरला होता, म्हणून विमान निळे झाले आणि त्याचे नाव निळी पडले.

निळीच्या इंजिनात एरंडेल मिसळलेले इंधन असायचे. तो जळका, गोडसर वास अंगाला, कपड्यांना, डब्यातल्या पोळीलाही लागायचा. लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात बायको म्हणाली होती, "तुमच्या शर्टाला एरंडेलाचा वास येते. पोटाचं काही हाय का?" मी नाही म्हणालो. ते विमान तोवर पडून गेले होते, आणि वास त्या शर्टात राहून गेला होता.

ते माझ्यामुळे पडले. यात गुपित काही नाही. रऊफच्या दुकानासमोर चहा पिणाऱ्या कोणालाही विचारा. गेली कित्येक वर्षे मी तिथे पाऊल टाकले की रऊफ गिऱ्हाइकाला माझी ओळख अशीच करून देतो, "हा आमचा विज्या. लोकं इमान उडवून पाडतात, हा झाडाखाली बसून पाडते." गिऱ्हाईक हसते, चहावाला हसतो, मीही हसतो. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडात कडू होते. तो मनापासून चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर कदाचित बरे झाले असते.

काय झाले ते सांगायचे तर आधी चिमट्याबद्दल सांगायला हवे. तेव्हाच्या रेडिओत नखाएवढा एक स्फटिक असायचा, त्याला नंबर असायचा. एकाच नंबरचे दोन रेडिओ एका वेळी चालू केले की आभाळातल्या विमानाला दोन मालक होतात आणि ते कोणाचेच ऐकत नाही. आमच्या दोघांचे स्फटिक एकाच नंबरचे होते, कारण दुकानदाराकडे तेवढेच होते. म्हणून कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा आम्ही लाल रंगवला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला तारेने टांगला. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रेडिओ चालू करायचा. दुसऱ्याने स्वतःच्या रेडिओच्या बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. जगभर हा कायदा पाळतात असे मासिकात लिहिले होते. आमच्या वावरात तर आम्ही दोघेच होतो. कायदा पाळायला आणि मोडायला दोघेच.

ती त्या हंगामातली शेवटची सकाळ होती. वावराच्या मालकीण चंद्रकलाकाकू दुसऱ्या दिवशी हरभरा पेरणार होत्या. रऊफ निळीला जमिनीलगत हळूहळू लोळवत नेत होता. ही कसरत सर्वांत अवघड. विमान एका रेषेत जात राहते आणि स्वतःभोवती संथ फिरते, जसा झोपेत माणूस कुशी बदलतो. हिवाळ्यात हैदराबादला स्पर्धा होती, त्यासाठी तो ती बसवत होता. सरावासाठी माझे एक वेगळे, छोटे विमान होते; मी बाभळीखाली त्याची शेपटी दुरुस्त करत होतो. दोरी बसली की नाही, शेपटी हलते का, एवढेच बघायचे होते. फक्त एकदा हलवून बघू. माझ्या रेडिओचे बटण दाबले.

इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणून मी वरही पाहिले नाही. पाहिले तेव्हा निळी पाठीवर होती, आणि मग काकूंच्या तुरीत गेली. एरंडेलाच्या धुराची रेघ मात्र हवेत तशीच राहिली, वारा नव्हता ना.

आणि रऊफने पहिली गोष्ट काय केली? त्याने स्वतःची कॉलर चाचपली. चूक आपलीच झाली असेल, आपणच चिमटा विसरलो असू, असे त्याला आधी वाटले. चिमटा जागेवर होता. मग तो माझ्याकडे वळला. आम्ही दोघांनी तुरीतून तुकडे गोळा केले. त्याचा कॉलरकडे गेलेला तो हात मी आजवर विसरू शकलेलो नाही.

हैदराबाद राहिले. मग त्याचे अब्बा गेले, दुकान वाढले, घड्याळे जाऊन मोबाइल आले. निळी पुन्हा बांधू, असे आम्ही प्रत्येक कुटाराच्या दिवसांत म्हणायचो. पुढे पुढे तेही म्हणेनासे झालो.

गेल्या वर्षी कळले की जगात कुठे कुठे माझ्यासारखे प्रौढ लोक तरुणपणातली ही विमाने पुन्हा काढू लागलेत. बाह्याकार तोच, आतले सगळे नवे. निळीचाही नवा अवतार निघाला होता. मी मागवला. खोके उघडले तेव्हा मला थोडी लाज वाटली. ज्या फासळ्या आम्ही महिनाभर घासल्या त्या लेझरने कापून, एकमेकींत बसतील अशा, पाकिटात रचून आल्या होत्या. लाकूड इतके हलके की हातात आहे हे कळत नव्हते. इंजिनाच्या जागी विजेची मोटर, टाकीच्या जागी बॅटरी. वास कसलाच नाही.

मी कपाटातून जुना खाकी कागद काढला आणि नवे भाग त्यावर ठेवून पाहिले. जुन्या निळीत एक खोड होती, उतरताना ती नाकावर पडायची. नव्यात चाके जरा पुढे घेऊन ती खोड काढून टाकलेली. पंखांची जाडी थोडी बदललेली. पण शेपटीच्या वरच्या बाजूला जो एक बाक आहे, ज्याचा उडण्याशी काहीही संबंध नाही, तो मात्र जुन्या रेषेवर तंतोतंत बसला. कुणा परक्या माणसाने, संगणकासमोर बसून, तो निरुपयोगी बाक जपला होता. तो मला कधीच भेटणार नाही, पण त्या संध्याकाळी तो माझ्या घरचा वाटला. पुन्हा करायचे म्हणजे काय, हे त्या बाकाकडे पाहून मला थोडे समजले. चूक सुधारायची. आणि जे चूक नव्हते, उगाचच सुंदर होते, त्याला हात लावायचा नाही.

आणि नवा रेडिओ! त्यात स्फटिकच नाही. एका मैदानावर कित्येक रेडिओ चालू असले तरी प्रत्येक विमान फक्त आपल्या मालकाला ओळखते. म्हणजे मी केलेली चूक आता करताच येत नाही. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटले, ज्या खड्ड्यात मी एकाला ढकलले तो खड्डा आता बुजवला आहे. पडलेला माणूस काही त्यामुळे वर आलेला नाही.

सूचनापुस्तिकेच्या शेवटी मात्र एक सोय दिली होती. दोन रेडिओ जोडता येतात. एक शिकवणाऱ्याचा, एक शिकणाऱ्याचा. शिकवणाऱ्याने एक कळ दाबून धरली की विमान शिकणाऱ्याचे ऐकते. कळ सोडली की पुन्हा शिकवणाऱ्याचे. मी ते पान परत परत वाचले. तेव्हा दुसऱ्या रेडिओने विमान पाडले होते. आता दुसरा रेडिओ विमान सांभाळण्यासाठी होता. मी त्याच दिवशी ठरवले, ही निळी रऊफ उडवेल. याच वर्षी, काकूंच्या वावरात, हरभऱ्याच्या आधी.

अडचण एकच होती. रऊफचे हात आता थरथरतात. नसांचा आजार आहे, औषध चालू आहे, ते कमी होते पण जात नाही. दुकान पोरगा बघतो. रऊफ काउंटरवर बसून लोकांच्या टोप्या उडवतो आणि चहा बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, तोंड खाली नेऊन पितो.

"काय म्हणते तुयं इमान?" मी गेलो तेव्हा त्याने विचारले. त्याला खबर होतीच.

"तयार हाय. तुले उडवा लागते."

"माह्या हातानं चाय सांडून राह्यली, इमान काय उडवू बे?"

"नव्या रेडिओत सोय हाय. रेडिओवरची दांडी मधात थोडी हलली तर इमानाले कळतच नाही. जोरानं हलवली तरच ऐकते. तुही थरथर ते गिळून टाकते."

"मंग बायकोले पण असा रेडिओ दे. मी काही बोललो तर तिले कळूनच नाही राह्यलं पाहिजे."

"रऊफ, मस्करी नको करू."

त्याने बशीवरून तोंड वर केले. मग बशी सरकवत म्हणाला, "विज्या, तू मले उडवाले कायले बोलावून राह्यला, मले समजते. तुया जिवाले बरं वाटावं म्हणून. पण माह्या हातातून थे पडलं, तर मले कसं वाटन, थो इचार केला का तू?"

मी केला नव्हता. खरे सांगतो, इतक्या वर्षांत मी फक्त माझाच विचार केला होता, आणि त्याला अपराधाची जाणीव असे चांगले नाव दिले होते. मी खाली मान घालून उठलो. पण पायरी उतरताना वळून म्हणालो, "पडलं तर पुन्हा बांधू. खाकी कागद घरी हाय. मी रोज सकाळी वावरात राहीन. काकूचं पेरणं होईस्तोवर."

"रोज?"

"रोज."

"रिकामा माणूस," असे तो गिऱ्हाइकाला म्हणाल्याचे मागून ऐकू आले.

काकूंची परवानगी घ्यायला गेलो तर त्या ट्रॅक्टरच्या सावलीत बसून भाकर खात होत्या. आता त्यांचे केस पांढरे झालेत, आवाज मात्र तोच, धुऱ्यापलीकडे जाणारा. "बाप्पा! अजून भागली नाही का तुमची हौस? मागच्या वक्ती माह्या तुरीचं वाटोळं केलं व्हतं दोघाईनं."

"यंदा तुरीकडं नाही नेणार काकू. फक्त एक पट्टा वखरून पाहिजे. धसकटात चाकं अडकतात."

"लोकं वावर पेरासाठी वखरतात मास्तर. इमानासाठी वखरलं म्हणून सांगू का सोयऱ्याईले?" पण दुसऱ्या दिवशी पट्टा वखरलेला होता. वर त्यांची अटही होती, "कालव्याचं पाणी सुटलं की मी एक सकाळ थांबणार नाही. आधीच सांगते."

मग मी रोज जाऊ लागलो. दव असायचे, बूट ओले व्हायचे. मी काही चांगला वैमानिक नाही. उन्हाळाभर संगणकावर सराव केला होता तेवढाच. पण रऊफच्या मागे उभे राहायचे तर मला विमान सुखरूप वर नेता आणि खाली आणता यायला हवे होते. पहिल्या सकाळी मी पंख जोडले. निळी वखरलेल्या मातीवरून धावली आणि उठली, जवळपास आवाज न करता. आधीची निळी हायवेपर्यंत ऐकू जायची. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "पयलं कसं बोंबलत जाये," त्या म्हणाल्या, "हे मुकं हाय का?"

उन्हात वळताना तिचा पंख चमकला आणि मला क्षणभर एरंडेलाचा वास आला. तो कुठून आला असेल? कुटाराचाच असणार. पण मी तो छातीभर घेतला.

रऊफ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उडवत राहिलो, उतरवत राहिलो. वर्गात मुलांना रेषा शिकवताना मी त्यांना नेहमी सांगतो, हात कापला तरी रेषा सोडू नका, पुढे न्या. सांगायला सोपे असते. वावरात एकट्याने उभे राहून, ज्याच्यासाठी हे चाललेय तो येणार नाही हे जवळपास कळत असताना, रोज बॅटरी भरून नेणे हीसुद्धा एक रेषाच होती. मी ती पुढे नेत राहिलो.

मग एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. पाणी सुटले होते. "सकाळी या लवकर. मी बियाणं भरून ठेवते."

सकाळी ट्रॅक्टर पेरणीयंत्र लावून धुऱ्यावर उभा होता. मी निळीचे पंख जोडत होतो तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबला. रऊफ उतरला. इस्त्रीचा शर्ट, पायांत चपला, एक हात खिशात. वावर ओलांडून तो सावकाश आला, विमानाभोवती एक फेरी मारली आणि वाकून शेपटीचा बाक बघितला.

"हे ठेवलं त्याईनं," तो म्हणाला.

"हो."

"निळा कमी निळा हाय."

"ट्रकचा रंग आता कुठून आणू?"

मी त्याच्या गळ्यात शिकणाऱ्याच्या रेडिओचा पट्टा घातला; शिकवणाऱ्याचा माझ्या गळ्यात होता. त्याने खिशातला हात बाहेर काढला. थरथर होतीच. त्याने अंगठे दांड्यांवर टेकवले, आजूबाजूला नजर फिरवली, बाभळ होती तिकडे पाहिले. ती कधीच तोडली गेली होती.

"चिमटा?"

"आता लागत नाही रे. नव्यात तसं काही..."

"चिमटा पाहिजे. त्याच्याबिगर मी बटन दाबत नाही."

मी इकडेतिकडे पाहत राहिलो. काकू ट्रॅक्टरवरून ऐकत होत्या. त्या उतरल्या, विहिरीच्या खोलीबाहेर दोरीवर गोधडी वाळत होती तिथे गेल्या आणि हिरव्या प्लास्टिकचा एक चिमटा काढून आणला. "घ्या. गोधडी पडली तर तुम्हीच धुसान." रऊफने मान पुढे केली. मी तो त्याच्या कॉलरला लावला.

निळी मी वर नेली. मैदानाच्या वर, उन्हात, सरळ केली. "घे," म्हणालो, आणि कळ दाबून धरली.

पहिल्या फेरीत तो काहीच करत नव्हता, फक्त जात होता. माझे डोळे एकदा त्याच्या अंगठ्यांवर गेले. ते पानासारखे हलत होते. वर विमान हलत नव्हते. रेडिओ खरेच ती थरथर गिळत होता. दुसऱ्या फेरीत त्याने खांदे सैल केले. तिसऱ्या फेरीत तो तिला खाली आणू लागला, आणि त्याला काय करायचे आहे ते मला समजले.

"रऊफ, उंच कर जरा."

"चूप राह्य."

वखरलेल्या पट्ट्याच्या एका टोकाकडून, जमिनीलगत, ती लोळू लागली. अर्ध्यावर ती पाठीवर गेली आणि नाक खाली झुकले. माझे बोट कळीवर होते. नुसते उचलले की विमान माझे. ते वाचवता आले असते, आणि पुन्हा एकदा, आभाळात असताना, मी ते त्याच्या हातातून काढून घेतले असते. पुढे तुरीच्या ओळीच होत्या. मी कळ सोडली नाही. नख पांढरे होईपर्यंत दाबून धरली.

रऊफने डावा अंगठा पूर्ण ढकलला. थरथरत, पण पूर्ण. नाक उठले. निळीने दुसरी कूस बदलली, सरळ झाली आणि तुरीच्या शेंड्यांवरून पार गेली.

"रामकृष्ण हरी," काकू मागे म्हणाल्या.

उतरवलीही त्यानेच. चाके मऊ मातीत रुतली आणि निळी, एवढी सुधारणा करूनही, नाकावर टेकली. नाकावरचा पंखा मोडला. आम्ही दोघे धावत गेलो. म्हणजे मी धावलो, तो चालत आला. वाकून त्याने निळीला सरळ उभे केले, मोडलेले पाते हातात घेऊन पाहिले. मग त्याचा हात कॉलरकडे गेला. चिमटा जागेवर होता. तो माझ्याकडे बघून हसला, सगळे दात दाखवून, दुकानात हसतो तसे नाही.

"आता तर माहीच चूक हाय. मजा आली," तो म्हणाला. त्याने तो हिरवा चिमटा काढला, दोन-तीनदा सुटला त्याच्या बोटांतून, पण त्याने मला मदत करू दिली नाही, आणि माझ्या कॉलरला लावला. "आता तुया नंबर. लोळव तिले. मी पाह्यतो."

"मले नाही जमत ते."

"मले तरी कुठं जमत व्हतं? चाल."

"झालं का मास्तर?" काकू ट्रॅक्टरवर चढत होत्या. "पाणी वाहून राह्यलं माह्यं!"

"एक डाव, काकू. एकच."

काकूंनी ट्रॅक्टर बंद ठेवला. मी दुसरे पाते बसवले, बॅटरी बदलली. रऊफ वखरलेल्या पट्ट्याच्या कडेला मातीतच बसला, मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून. ते थरथरत होते, आणि तो ते लपवत नव्हता. कुटाराचा वास येत होता. तुरीचा शेंडा हलत नव्हता.

मी आधी कॉलर चाचपली. चिमटा होता. मग रेडिओ चालू केला.